खाडीच्या वर्गाला नेणारी लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे आणि माझा स्वभाव काळजीचा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी पुन्हा पुन्हा घाबरले तर तुम्हांला नवल वाटणार नाही.

ठाण्याला नौपाड्यात पारसिक विद्यापीठाची एक जुनी इमारत आहे. तळमजला आणि वर तीन मजले. जिना कडेकडेने वळत वर जातो आणि त्याच्या मधल्या चौकोनात मी वरखाली करते. माझी पेटी सागवानी फळ्यांची आहे. आत एक आरसा, एक पंखा, एक दिवा आणि हाताने धरायला एक पितळी दांडी. दरवाजे दोन, दोन्ही जाळीचे. एक माझा, एक मजल्याचा. दोन्ही नीट ओढून लावले तरच मी हलते. एक जरी अर्धवट राहिला, तर खालून कितीही बटणे दाबा, मी तिथेच उभी.

जाळीतून मला दिसते आणि ऐकूही येते. पण वर्गात काय शिकवतात, कोणाच्या घरी काय चालले आहे, हे मला कळते ते माझ्यात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून. लोक लिफ्टमध्ये शिरले की एकदम गप्प तरी होतात, नाहीतर मनातले बोलून तरी टाकतात.

मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. सुतारांनी माझ्या फळ्या घासून गुळगुळीत केल्या. मग मला सुटी सुटी करून टेम्पोतून ठाण्याला आणले, इथे पुन्हा जोडले आणि गच्चीवरच्या खोलीत मोटर बसवून जाड पोलादी दोरांनी टांगले. मला अजून आठवते, टांगल्यावर माझा पहिला विचार दोरांचाच होता. सरकारी तपासनीस आले. त्यांनी माझ्यात वाळूची पोती ठेवून मला वरखाली करून पाहिले, मान डोलावली आणि माझ्या कपाळी ‘चार माणसे’ अशी पाटी लागली.

पुढची वर्षे तरुण मुलांची होती. चौघांच्या जागी सहाजण घुसत. हसत, ढकलाढकली करत, परीक्षेच्या दिवशी देवाचे नाव घेत. मी कण्हत कण्हत वर जाई आणि तिसरा मजला आला की सुटकेचा श्वास टाकी. तेव्हा माझे कौतुकही होते. तेलपाणी करायला दर महिन्याला माणूस येई. पितळी दांडी चकचकीत असे.

मग शीळफाट्याच्या बाजूला विद्यापीठाची मोठी नवी इमारत झाली. मुले तिकडे गेली, बाकेही गेली, आणि इथे उरली ती मोडकी कपाटे आणि शिपाई बाबुराव. ‘ही इमारत आज ना उद्या पाडायचीच आहे, मग लिफ्टवर कशाला खर्च करायचा?’ असे दोन अधिकारी माझ्याच पोटात उभे राहून बोलले. तेलपाण्याचा माणूस येईनासा झाला. बाबुराव स्वतःच्या हाताने माझ्या दरवाज्यांच्या खाचांत तेल सोडत, पण गच्चीवरच्या मोटरीपुढे त्यांचे काही चालत नसे.

अशा वेळी सलिल सर आले. तरुण होते, खांद्याला सदा एक पिशवी. विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागाचे ते प्रमुख. त्यांनी वयस्कर लोकांसाठी व्याख्याने आणि अभ्यासवर्ग सुरू केले. शिक्षण किती झाले ते विचारायचे नाही, शेवटी गुणपत्रिका द्यायची नाही, ज्याला शिकावेसे वाटते त्याने यावे. तळमजल्यावर अडगळ भरलेली, म्हणून वर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या दालनात. दालनाचे दार माझ्या दाराच्या अगदी समोर.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तरुण मुलांना मी नसते तरी चालले असते. ती जिना चढून गेली असती. आता येत होते ते काठी टेकत येणारे, गुडघ्याला पट्टा बांधलेले, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले. माझ्याशिवाय त्यांचा वर्ग नव्हता. दरवाजा लागला की मी त्यांचे श्वास ऐके. कोणाचा जरा जोरात चालला की मी मनात म्हणे, आता मध्ये थांबायचे नाही, काही झाले तरी थांबायचे नाही.

त्या वर्षीच्या अभ्यासवर्गाचा विषय होता, ‘आपली खाडी’. खाडीचे पाणी, खाडीवरचे पक्षी, मिठागरे, जुनी बंदरे. पहिल्याच दिवशी दोन बायका एकत्र माझ्यात शिरल्या. एक शुभदाताई दातार, इथल्याच, गावदेवी मैदानाजवळ राहणाऱ्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. ताठ बांधा, पांढरे केस नीट बांधलेले. दुसऱ्या हौसाबाई, डोंबिवलीहून आलेल्या. गाव कराडकडचे. डोंबिवलीत घरीच पापड-लोणची करून त्यांनी संसार ओढला होता. शाळा चौथीपर्यंत.

हौसाबाईंनी दांडी घट्ट धरली आणि वर पाहिले.

“ही पडत तर नाही ना, ताई?”

“नाही हो. दोन्ही दरवाजे नीट लावले की ही शहाण्यासारखी वागते,” शुभदाताई म्हणाल्या. “असं खळ्‌ वाजेपर्यंत ओढायचं. लोक अर्धवट ठेवून जातात आणि मग खालच्यांनी ताटकळत बसायचं.”

मला शहाणी म्हटले, म्हणून मी त्या दिवशी जरा अलगद थांबले.

त्यांची चांगली मैत्री झाली. शुभदाताई हौसाबाईंना मराठीतले जड शब्द सोपे करून सांगत. हौसाबाई डब्यातून थालीपीठ आणत. मी त्यांची वाट पाहू लागले.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि मला एक गोष्ट दिसू लागली. बरी वाटली नाही.

एके दिवशी शुभदाताई एकट्या वर आल्या, बाहेर पडल्या आणि दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकून गेल्या. खालून बाबुराव ओरडले, “कोण आहे वर? दरवाजा लावा!” मी अडकून पडले. मला वाटले, घाईत असतील. पुढच्या खेपेला तसेच. त्यानंतर एकदा त्यांनी पहिल्या मजल्याचे बटण दाबले. तिथे सगळा अंधार, कपाटे आणि धूळ. त्या बाहेर पडल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कुठे जायचे ते त्यांना कळत नव्हते. बराच वेळ अंधाराकडे बघत होत्या. मग परत आत आल्या, दांडी धरली आणि तिसऱ्याचे बटण दाबले.

त्यानंतर त्या एकट्या असल्या की आरशाकडे बघून हळू आवाजात बोलत. “माझं नाव शुभदा दातार. घर गावदेवी मैदानाजवळ. मुलगा मुकुल, सून देवयानी. आज गुरुवार. आज खाडीचा वर्ग.” धडा पाठ करणाऱ्या मुलीसारखे. दार उघडले की चेहऱ्यावर हसू आणून बाहेर जात.

मला हे कळले होते आणि दुसऱ्या कोणालाच कळले नव्हते. मित्रांनो, एखादी गोष्ट कळावी आणि सांगायला तोंड नसावे, यासारखी शिक्षा नाही. हौसाबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून हसत-बोलत असत आणि मला वाटे, अहो, जरा नीट बघा ना यांच्याकडे.

त्याच दिवसांत माझेही काही ठीक नव्हते. दुसरा मजला ओलांडताना मला हिसका बसू लागला. मोटर तापून जळका वास येई. बाबुरावांनी वर कळवले. सलिल सर दोनदा कार्यालयात जाऊन आले. परत येताना ते बाबुरावांना म्हणाले, “पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बघू म्हणतात.”

“साहेब, म्हाताऱ्या माणसांची ये-जा आहे,” बाबुराव म्हणाले.

“माहीत आहे हो. मलाच माहीत आहे आणि तुम्हांला. तिकडे कुणाला नाही.”

अभ्यासवर्ग संपायला आला. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने थोडा वेळ उभे राहून एका विषयावर बोलायचे, असे सरांनी ठरवले. आपापल्या घरच्यांनाही बोलवायचे. हे ऐकल्यापासून दोघीही धास्तावल्या होत्या. हौसाबाई मिठागरांवर बोलणार होत्या. “उभ्या जन्मात कधी माइक धरला नाही,” असे त्या रोज म्हणत. शुभदाताई भरती-ओहोटीवर बोलणार होत्या. त्या काही म्हणत नसत. एकदा मात्र एकट्या असताना आरशाला म्हणाल्या, “सगळ्यांसमोर झालं तर?”

तो दिवस उजाडला. दुपारची वेळ. आधीच्या खेपांना मी बरीच माणसे वर नेली होती आणि प्रत्येक खेपेला वास वाढत होता. शेवटी शुभदाताई आणि हौसाबाई आत आल्या. हौसाबाईंनी नवी साडी नेसली होती. त्यांनीच दरवाजे ओढले, तिसऱ्याचे बटण दाबले. मी निघाले. पहिला मजला गेला. दुसरा गेला. आणि गच्चीवर फट्‌ असा आवाज झाला. दिवा विझला, पंखा थांबला आणि मी दोन मजल्यांच्या मध्ये लटकले.

मित्रांनो, वीज गेली की माझा ब्रेक आपोआप आवळला जातो. मी पडणार नव्हते. हे मला ठाऊक होते. आतल्या दोघींना ठाऊक नव्हते.

समोर नुसती सिमेंटची भिंत. वर, त्यांच्या डोक्याच्या उंचीला, तिसऱ्या मजल्याच्या फरशीची एक फट. त्यातून थोडा उजेड आणि धावपळ करणाऱ्यांच्या चपला दिसत होत्या.

“अहो बाबुराव!” हौसाबाईंनी हाक मारली. “अडकलो आम्ही!”

“घाबरू नका!” बाबुरावांचा आवाज आला. “मी आणि सर गच्चीवर जातो. हाताने चाक फिरवून वर घेतो तुम्हांला. दरवाज्याला हात लावू नका बरं, काही झालं तरी!”

पावले जिन्याने वर गेली. मग शुभदाताई म्हणाल्या,

“आपण कुठं चाललोय?”

“म्हणजे? वर्गात.”

“कसला वर्ग?”

हौसाबाई हसल्या. त्यांना चेष्टा वाटली. पण शुभदाताई हसत नव्हत्या. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली आणि हलवायला लागल्या. “मला घरी जायचंय. हे उघडा. कोण आहात तुम्ही? उघडा हे!”

माझ्या जाळीवर त्यांची बोटे इतकी घट्ट होती की मला वाटले, ती जाळीत अडकून मोडतील. मला काही करता येत नव्हते. मी नुसती लटकत होते.

हौसाबाईंनी त्यांना ओढले नाही. त्या त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी हौसा. डोंबिवलीची. तुम्ही मला थालीपिठात ओवा जास्त पडलाय म्हणालात की नाही मागल्या वेळी?”

शुभदाताई थांबल्या. पुटपुटू लागल्या. “माझं नाव शुभदा दातार. घर गावदेवी मैदानाजवळ. मुलगा मुकुल...” तो धडा मी अनेकदा ऐकला होता. हौसाबाई पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“सून?” त्यांनी विचारले.

“देवयानी.”

“आणि आज काय?”

“आज... आज भाषण. भरती-ओहोटी.” शुभदाताईंनी डोळे मिटून घेतले. “अगं बाई. हौसाबाई. काय बोलले मी तुम्हांला?”

“काही नाही बोललात. बसा खाली.”

दोघी माझ्या फळीवर बसल्या. हौसाबाईंना गुडघा दुमडायला फार कष्ट पडले.

“कधीपासून होतंय हे?”

“दिवाळीच्या आधीपासून. नावं जातात. रस्ते जातात. गावदेवीच्या मंडईत भाजी घेऊन उभी होते, घर कुठल्या बाजूला ते कळेना. चाळीस वर्षं राहते मी तिथं.” त्या रडत नव्हत्या. आवाज फक्त कोरडा झाला होता. “कुणाला सांगू नका. मुकुलला कळलं तर तो मला घराबाहेर पडू देणार नाही. हा एवढा वर्ग आहे माझा. बाकी मला आता काय आहे?”

“आज नाही सांगणार मी,” हौसाबाई म्हणाल्या. “पण ताई, लपवून भागायचं नाही. डॉक्टरांकडं जायचं. मी येते सोबत. आणि लेकाला तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर ते चुगली होईल, तुम्ही सांगितलं तर विश्वास होईल.”

“आणि आज मी बोलताना मध्येच सगळं गेलं तर?”

“गेलं तर गेलं. पुढ्यातच बसते मी. माझ्याकडं बघायचं.”

एवढ्यात वरून बाबुरावांची हाक आली, “धरून बसा!” आणि माझ्या दोरांना ताण बसला. मित्रांनो, हे क्षण माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट होते. हाताने मला ओढायचे म्हणजे आधी ब्रेक सैल करावा लागतो. एकाने ब्रेकचा दांडा धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचे. मी बाबुरावांच्या वयाचा विचार करत होते, सलिल सरांच्या अननुभवी हातांचा विचार करत होते. मी इंच इंच वर सरकले. थांबले. पुन्हा सरकले. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. फट मोठी होत गेली, चपलांच्या जागी पाय दिसले, मग माणसे. फरशी समोर आली आणि कोणीतरी जाळी उघडली.

“आई गं,” हौसाबाई उठता उठता म्हणाल्या, “गुडघा गेला माझा.” आणि सगळे हसले. मला हसू आले नाही.

सलिल सर धापा टाकत खाली आले. हात काळे झाले होते. “आपण कार्यक्रम पुढे ढकलू या,” ते म्हणाले. “तुम्ही दोघी घाबरला असाल.”

“घाबरायचं ते घाबरून झालं,” हौसाबाई म्हणाल्या. “आता ढकलू नका, नाहीतर परत पहिल्यापासून घाबरावं लागेल.”

माझी वीज बंद केलेली, म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच उभी राहिले, दरवाजे उघडे. एरवी माणसांना सोडले की लगेच खालून बोलावणे येई. इतकी वर्षे माणसांना वर्गापर्यंत नेले, पण वर्ग कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

हौसाबाई आधी बोलल्या. आवाज कापत होता, वाक्ये तुटत होती, पण त्या बोलल्या. टाळ्या पडल्या. मग सरांनी शुभदाताईंचे नाव पुकारले.

त्याच वेळी जिन्यावरून एक माणूस धावत वर आला. कपाळावर घाम, पायात घरातल्या सपाता. हा मुकुल. आई लिफ्टमध्ये अडकल्याचे कोणीतरी फोनवर कळवले होते आणि तो घरचे काम टाकून तसाच पळत आला होता.

“कुठाय आई? घरी नेतो मी तिला. बास झाले हे वर्ग.”

बाबुराव दारात आडवे उभे राहिले. “जरा थांबा साहेब. ताई बोलतायत.”

मुकुल माझ्या दरवाज्याला टेकून उभा राहिला. आतून त्याला कोणी पाहत नव्हते.

शुभदाताईंचा आवाज सुरुवातीला बारीक होता, मग खणखणीत झाला. चंद्र, सूर्य, समुद्र. शाळेतल्या बाईंचा आवाज. “आता आपल्या ठाण्याची गंमत बघा,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे भरतीचं पाणी दोन बाजूंनी येतं. एक दक्षिणेकडून, मुंबई बंदराच्या बाजूनं. आणि दुसरं...”

त्या थांबल्या.

“आणि दुसरं...”

दालनात पंखे फिरण्याचा आवाज तेवढा येत होता. कोणीतरी खोकले. मुकुलचा हात माझ्या जाळीवर होता. तो हात घट्ट होत गेला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला कळले की त्यालाही माहीत होते. त्याने घरी काही पाहिले होते आणि ते स्वतःपासूनही लपवले होते. आईने त्याच्यापासून, त्याने आईपासून.

तेवढ्यात हौसाबाईंचा आवाज आला. “ताई, एक शंका विचारू का? आमच्या डोंबिवलीला रेतीबंदरावर मी बघते, तिथंबी भरती येते. ते पाणी मुंबईकडूनच येतं होय?”

शुभदाताईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग,

“नाही, नाही! चांगला प्रश्न विचारलात. तुमच्याकडे येतं ते वसईकडून. वसईच्या मुखातून उल्हास नदीत शिरतं आणि वर चढत जातं. तेच आपलं दुसरं पाणी.” आणि पुढचे सगळे त्या न अडखळता बोलल्या.

दालनात बाकी कोणालाही काही कळले नाही. विद्यार्थिनीने शंका विचारली, बाईंनी उत्तर दिले. मुकुलने जाळी सोडली आणि बाहीने तोंड पुसले.

वर्ग सुटल्यावर शुभदाताई बाहेर आल्या. मुलाला बघून दचकल्या. “तू कधी आलास?”

“मघाशीच. छान बोललीस आई.”

त्यांनी मागे वळून हौसाबाईंकडे पाहिले. हौसाबाई होकारार्थी मान हलवून पुढे गेल्या, कठडा धरून एक एक पायरी उतरू लागल्या.

“मुकुल, मला तुला काहीतरी सांगायचंय,” शुभदाताई म्हणाल्या. “घरी नको. घरी मी सांगणार नाही. इथंच बस.”

ते दोघे जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांचे बोलणे मी तुम्हांला सांगणार नाही. सांगताना ताईंचा आवाज इतका हळू होता की ते माझ्यासाठी नव्हते, हे मला कळले.

त्यानंतर माझ्या गळ्यात ‘बंद आहे’ अशी पाटी पडली. किती महिने पडली होती, मी मोजले नाही. धूळ बसली. एकदा एक भंगारवाला येऊन माझी पितळी दांडी हाताने तोलून गेला. बाबुराव मला खालच्या बातम्या सांगत. म्हणजे मलाच सांगत असे नाही, पण एकट्याने झाडताना मोठ्याने बोलायची त्यांना सवय होती. कार्यालयाने म्हणे सुचवले की यापुढे ही व्याख्याने घरबसल्या संगणकावर ऐकावीत. सगळे विद्यार्थी मिळून कार्यालयात गेले. हौसाबाई तिथे म्हणाल्या, “घरी बसूनच तर कंटाळलोय साहेब, म्हणून इथं येतो.” सलिल सरांनी तळमजल्यावरची अडगळ हलवून तात्पुरता वर्ग तिथे भरवला. आणि मुकुल पाठपुरावा करत राहिला. ज्या दिवशी आपली आई लटकत होती तो दिवस तो विसरला नव्हता. अखेर माझी मोटर बदलली, दोर बदलले, ब्रेक बदलला. आत संकटाची घंटा बसली. तपासनीस पुन्हा आले. मी पुन्हा चालू झाले.

तुम्ही विचाराल, शुभदाताईंचे काय झाले? डॉक्टरांनी सांगितले की हा विसरण्याचा आजार आहे. पूर्ण बरा होणार नाही, पण औषध घ्यावे, माणसांत राहावे, आवडीचे काम सोडू नये. मुकुलने त्यांचा वर्ग बंद केला नाही. तो स्वतः त्यांना खालपर्यंत आणून सोडी आणि हौसाबाई वर नेत. पुढचे सगळे वर्ष त्या आल्या. कधी हौसाबाईंना त्यांनी आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. हौसाबाईंनी ओ दिली.

या वर्षी शुभदाताई येत नाहीत. आता त्यांना घराबाहेर गोंधळायला होते. या वर्षीचा विषय आहे तारे आणि ग्रह. हौसाबाई एकट्याच येतात. वर्ग सुटला की डोंबिवलीला जाण्याआधी त्या गावदेवीला शुभदाताईंच्या घरी जातात आणि त्या दिवशीचे सगळे व्याख्यान त्यांना सांगतात.

परवा बाबुरावांनी विचारले, “त्यांना समजतं का हो?”

“आजचं उद्या राहत नाही त्यांच्याजवळ,” हौसाबाई म्हणाल्या. “पण त्या वेळी ऐकतात. शंका काढतात. शनीला कडं कसलं असतं, विचारलं त्यांनी. मला कुठं येतंय? आज सरांना विचारते आणि जाऊन सांगते.” आणि त्यांनी घाईघाईने तिसऱ्याचे बटण दाबले.

मला अजूनही काळजी वाटते, मित्रांनो. शुभदाताईंची वाटते. हौसाबाईंच्या गुडघ्याची वाटते. माझे तेलपाणी पुन्हा बंद होईल का, याची वाटते. पण मला आता वाटते, काळजी वाटणे वाईट नाही. ती मनात ठेवून गप्प बसणे वाईट. मला तोंड नव्हते, म्हणून मी गप्प होते. तुम्हांला आहे.

तुमच्या घरातले, शाळेतले एखादे यंत्र कुरकुरू लागले, तर मोठ्यांना सांगा आणि ते दुरुस्त होईपर्यंत सांगत राहा. घरातले एखादे म्हातारे माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारू लागले, तर हसू नका, चिडू नका, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. आणि तुमचे आजी-आजोबा एखाद्या वर्गाला, एखाद्या व्याख्यानाला निघाले, तर ‘या वयात कशाला?’ असे म्हणू नका. त्यांना खालपर्यंत सोडायला जा. परत आल्यावर विचारा, आज काय शिकलात? आणि त्यांचे उत्तर संपेपर्यंत बसा.